विश्लेषण : रमीतले डोके नेमके कुठे चालते? चिखलीचा डाव, फिलिपिन्सचा ‘टोंगिट्स’ आणि मोबाइलचा पडदा

सकाळच्या पाळीसाठी चिखलीहून चाकणकडे निघालेली कंपनीची बस मोशीच्या पुढे नाशिक महामार्गावर अडकली, की मागच्या बाकांवर पत्त्यांचा कॅट बाहेर येतो. मांडीवर डब्याची पिशवी आडवी, तिच्यावर जुने वर्तमानपत्र आणि वाटलेली तेरा-तेरा पाने. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी विदर्भातून, एखादा बिहारचा. भाषा अडखळते, रमी अडखळत नाही.

याच बसमध्ये गेल्या काही वर्षांत आणखी एक दृश्य दिसू लागले होते. कानात इअरफोन, मान खाली आणि मोबाइलच्या पडद्यावर तीच तेरा पाने. समोर माणूस नाही, फक्त एक टोपणनाव आणि उलटे मोजणारे घड्याळ. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि पडद्यावरचा पैशांचा डाव निदान उघडपणे तरी थांबला. कॅटमधला डाव चालूच आहे.

खेळ एकच असताना एकाला मुभा आणि दुसऱ्याला बंदी हा दुजाभाव नाही का, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर शोधायचे तर रमीतले डोके नेमके कुठे चालते, हे आधी पाहायला हवे.

हातात चांगली पाने येणे हेच कौशल्य का?

नाही. वाटप नशिबाचे असते, त्यात कोणाची हुशारी चालत नाही. हुशारी सुरू होते ती पहिले पान टाकण्याच्या क्षणापासून.

बदामची छक्की आणि सत्ती हातात असेल तर सिक्वेन्स लावायला बदामची पंजी चालते किंवा अठ्ठी. दोन कॅटच्या रमीत अशी चार पाने असतात. तेच छक्की आणि अठ्ठी असेल तर मधली सत्तीच हवी, म्हणजे दोनच पाने. वाट पाहणे दोन्हीकडे सारखेच वाटते, पण शक्यता निम्मी होते. आता बदाम सत्ती, बदाम अठ्ठी आणि त्यांच्या जोडीला इस्पिक सत्ती ठेवली तर? बदाम छक्की, बदाम नव्वी, चौकट सत्ती, किलवर सत्ती, यांतले प्रत्येकी दोन, म्हणजे आठ पाने उपयोगाची ठरतात. मुरलेला खेळाडू हा हिशेब बोटांवर करत नाही. त्याचा हात आपोआप त्या तीन पानांना एकत्र ठेवतो.

मधल्या पानांना मोल जास्त. सत्ती तीन पानांच्या तीन वेगवेगळ्या सिक्वेन्समध्ये बसते. राजा दोनच ठिकाणी बसतो : गुलाम-राणी-राजा किंवा राणी-राजा-एक्का. वर हातात अडकला तर दहा गुण अंगावर. म्हणून सुटी चित्रे लवकर टाकायची, हे रमीचे पहिले शहाणपण. पण हे शहाणपण सगळ्यांनाच ठाऊक असते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत राजे-राण्या धडाधड पडू लागतात आणि एखादा बेरकी नेमका त्याच वेळी राजे गोळा करतो. त्याचा डाव पत्त्यांवर नसतो, इतरांच्या सवयीवर असतो.

लक्षात ठेवण्याची ताकद हा तिसरा भाग. सहाजणांच्या रमीत दोन कॅट आणि दोन छापील जोकर मिळून 106 पाने. त्यातली 78 वाटली जातात, एक पान जोकर म्हणून उलगडते, एक उघडे पडते. गड्डीत उरतात 26. प्रत्येकाने गड्डीतूनच पान ओढले तर चार फेऱ्यांतच ती संपत येते. हवी असलेली चार पाने त्या 26 मध्ये आहेत, टाकलेल्या ढिगात गेली आहेत, की कोणीतरी मुठीत धरून बसले आहे? ढीग पाहून, आठवून याचा अंदाज बांधणारा आणि केवळ ‘येईल की’ म्हणत बसणारा, यांच्यात एका डावात फरक दिसणार नाही. महिनाभराच्या डावांत दिसतो.

समोरच्याला वाचायचे म्हणजे काय?

इथे रमी गणितातून निसटून माणसाच्या स्वभावात शिरते, आणि खेळाची खरी गंमतही इथेच आहे.

शेजाऱ्याने टाकलेली किलवर नव्वी उचलली, याचा अर्थ किलवरची अठ्ठी, दश्शी आणि कोणतीही नव्वी आता त्याला देण्यात धोका आहे. हे कोणालाही कळते. त्याने काय उचलले नाही, हे मात्र थोडेच टिपतात. गड्डीतून ओढलेले पान त्याने हाताच्या कडेला लावले की मध्ये खोचले? कडेला लावले तर बहुधा उपयोगाचे नाही. मध्ये खोचून लगेच दोन पानांची जागा बदलली तर काहीतरी जुळले. इतका वेळ बडबड करणारा अचानक गप्प झाला, तर त्याला एकच पान हवे आहे. आणि शांत बसणारा मुद्दाम बोलू लागला, तरीही तेच.

मग या वाचण्यालाच चकवा देणे आले. हातात बदाम पंजी-छक्की आहे, बदाम सत्ती हवी आहे. खेळाडू आपल्याजवळची सुटी इस्पिक सत्ती टाकतो. समोरच्याला वाटते, याला सत्त्यांशी देणे-घेणे नाही. दोन फेऱ्यांनी तो निर्धास्तपणे बदाम सत्ती टाकतो आणि गळाला लागतो. ही युक्ती एकदा चालते. दुसऱ्या दिवशी त्याच बसमध्ये तोच समोरचा सत्ती पडताच हसतो आणि बदामची पाने घट्ट धरून बसतो. मग खरोखरच नकोशी असलेली सत्तीदेखील चकवा वाटू लागते. रोज तेच सहाजण खेळत असतील तर महिन्याभरात प्रत्येकाची एक प्रतिमा तयार होते : हा घाबरट, हा हावरट, हा शेवटपर्यंत जोकर दाबून ठेवणारा. मुरलेला खेळाडू स्वतःची प्रतिमाही वापरतो. महिनाभर घाबरट म्हणून खेळायचे आणि बोनसच्या आठवड्यात एकदाच निडर व्हायचे.

सगळ्यात अवघड चाल कोणती?

पॅक होणे. पाने खाली ठेवून ‘मी नाही’ म्हणणे.

गुणांच्या रमीत पहिल्याच हाताला पॅक झाले तर 20 गुण जातात, मध्ये सोडले तर 40 आणि शेवटपर्यंत बसून काहीच लागले नाही तर 80. ना जोकर, ना सिक्वेन्सची सुरुवात, अशी पाने आली की बहुतेकजण तरीही बसतात. एक साधा हिशेब मांडून पाहू. असा हात दहा वेळा आला, खेळाडू दहाही वेळा बसला, एकदा जिंकून 200 गुण कमावले आणि नऊ वेळा सरासरी 50 गुण गमावले, तर तोटा 250 गुणांचा. दहाही वेळा लगेच पॅक झाला असता तर 200 चा. फरक 50 चाच, पण तो दर आठवड्याला पडतो.

तरी माणूस पॅक का होत नाही? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये याचे उत्तर मांडले. मिळकतीचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा तेवढ्याच नुकसानीची बोच कितीतरी मोठी असते. त्यामुळे खात्रीचे छोटे नुकसान टाळण्यासाठी माणूस मोठ्या नुकसानीचा धोका पत्करतो. कानेमन यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. वीस गुण ‘आत्ता आणि नक्की’ जातात. ऐंशी ‘कदाचित आणि नंतर’. मन नंतरचे निवडते.

रमीत हरणारा जवळपास प्रत्येक जण ‘एका पानाने राहिला’ असतो. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्लॉट मशीनवर थोडक्यात हुकलेल्या डावांमुळे मेंदूतील जिंकण्याशी जोडलेले भाग उद्दीपित होतात आणि आणखी खेळण्याची इच्छा वाढते, असे आढळले होते. यंत्रावर ‘थोडक्यात हुकणे’ मुद्दाम घडवावे लागते. रमीच्या रचनेतच ते आहे. बारा पाने लागली, एक राहिले. पुढच्या डावात लागेल.

फिलिपिन्समधले भावंड काय सांगते?

रमीचे एक भावंड फिलिपिन्समध्ये आहे. त्याचे नाव टोंगिट्स. खेळणारे तिघेच, कॅट एकच, जोकर नाही. वाटणाऱ्याला 13 पाने, बाकी दोघांना 12. गड्डीत राहतात 15, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच ओढी. नियम कळायला दहा मिनिटे पुरतात. डाव मात्र आपल्या रमीपेक्षा जास्त बोचरा आहे.

टोंगिट्समध्ये लागलेला सेट किंवा सिक्वेन्स हातात लपवून ठेवता येतो, तसाच समोर मांडताही येतो. मांडला तर दोन गोष्टी होतात. समोरचे दोघे त्याला आपली पाने चिकटवून स्वतःचा भार हलका करू शकतात. पण मांडलाच नाही आणि डाव संपला तर तो खेळाडू ‘सुनोग’ ठरतो, म्हणजे जळाला. गुण कमी असले तरी उपयोग नाही. म्हणजे लपवले तर जळण्याची भीती, दाखवले तर शत्रूला पायरी. रमीत तेरावे पान लागेपर्यंत सगळे मुठीत ठेवता येते. इथे प्रत्येक फेरीला थोडे उघडे पडावेच लागते.

त्याहून खरी कसोटी पुढे आहे. काहीतरी मांडून ठेवलेला खेळाडू आपली पाळी आल्यावर डाव तिथेच थांबवून आव्हान देऊ शकतो : माझे गुण सर्वांत कमी आहेत, कोणाची हिंमत आहे का? बाकीच्यांनी एक तर माघार घ्यायची, नाहीतर पाने उघडून भिडायचे. मात्र त्याच्या मांडलेल्या पानांवर मधल्या काळात कोणी पान चिकटवले असेल तर त्या पाळीला त्याला आव्हान देता येत नाही. त्यामुळे हुशार प्रतिस्पर्धी एखादे पान केवळ समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी चिकटवतो. स्वतःला एक-दोन गुणांचाच फायदा, पण समोरच्याची एक संपूर्ण पाळी वाया. रमीतला ‘पॅक’ हा स्वतःशी झालेला निर्णय असतो. टोंगिट्समध्ये तो समोरच्याच्या डोळ्यांत पाहून घ्यावा लागतो.

हा खेळ तिथे गल्लीत, घराच्या ओसरीवर आणि चक्क मृताच्या घरी रात्रभर चालणाऱ्या जागरणातही खेळला जातो. अशा जागरणात जिंकलेल्या पैशांतून ठरावीक वाटा बाजूला काढून शोकात असलेल्या कुटुंबाला अंत्यविधीच्या खर्चासाठी देण्याची तिथे जुनी रीत आहे. या वाट्यालाही तिथे ‘टोंग’ म्हणतात. कायद्याला हे सारे मंजूर नाही; 1978 च्या एका राष्ट्रपती आदेशाने बेकायदा जुगारावरच्या शिक्षा तिथे कडक झाल्या. पण डावातून काढलेला वाटा कोणाच्या खिशात जातो, हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. चिखलीच्या गोष्टीत तो परत येणार आहे.

गणपतीच्या मांडवात रात्री रंगणारे मेंढीकोट आणि रमीचे डाव महाराष्ट्रालाही नवे नाहीत. तिथेही बसण्याचे निमित्त जागरण हेच असते.

न्यायालयाने रमीला काय म्हटले?

आपल्याकडे जुगाराचा कायदा 1887 चा, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्याचा. त्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. स्वतंत्र भारतात 1957 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोड्यांसारख्या बक्षीस स्पर्धांच्या निमित्ताने रेषा आखली : जुगार हा व्यापार नव्हे, त्याला घटनेचे संरक्षण नाही, ज्यात कौशल्य ठरवते ती स्पर्धा मात्र व्यापार ठरू शकते.

रमीची पाळी आली 1967 च्या नोव्हेंबरात. सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी घातलेल्या छाप्यातून उभा राहिलेला हा खटला, आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण. न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालाचा आशय असा : तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ, पण रमी तशी नाही. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान धरायचे आणि कोणते सोडायचे याला कौशल्य लागते. म्हणून रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. पाने पिसून वाटली जातात म्हणून नशीब आहे म्हणावे, तर ते ब्रिजमध्येही असतेच.

पुढची पन्नास वर्षे रमीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने या निकालाचा हा अर्धा भाग पाठ केला. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये राज्यांच्या ऑनलाइन बंद्या रद्द केल्या, त्यातही हीच कौशल्याची कसोटी मध्यवर्ती होती. मात्र त्या निकालात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे जाहिरातींनी सोयीने पाठ फिरवली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून क्लबचा मालक नफा काढत असल्याचे पुरावे असते तर गुन्हा सिद्ध होऊ शकला असता, असेही न्यायालयाने म्हटले होते. म्हणजे प्रश्न दोन होते : खेळ कशाचा, आणि त्यातून कमावतो कोण. पहिल्याचीच चर्चा झाली.

मोबाइलवर गेल्यावर खेळ तोच राहिला का?

नियम तेच राहिले. खेळ बदलला.

न्यायालयाने ज्या कौशल्याचा गौरव केला, त्यातला आठवणीचा भाग अॅपने सोपा केला. टाकलेली पाने एका बोटावर पुन्हा पाहता येतात. पाने आपोआप लावून मिळतात. समोरच्याला वाचण्याचा भाग बहुतांशी गेलाच. टोपणनावाचा हात थरथरत नाही, टोपणनाव अचानक गप्प होत नाही. उरते ते गणित आणि वेग. काही सेकंदांत पान टाकावे लागते.

कौशल्य पूर्ण नाहीसे झाले नाही, हेही मान्य करायला हवे. गणितात पक्का असलेला, दिवसभर अनेक टेबलांवर खेळणारा माणूस तिथे खरोखर जिंकत असे. पण तो कोणाकडून जिंकत असे? रात्रपाळी संपवून घरकुलच्या खोलीत परतलेल्या, झोप न लागणाऱ्या कामगाराकडून. बसमध्ये हरणारा आणि जिंकणारा उद्या पुन्हा एकत्र बसणार असतात. जिंकणाऱ्यालाच काळजी असते की समोरचा पार रिकामा होऊ नये, नाहीतर उद्या खेळायचे कोणाशी? चहा पाजून हिशेब अर्धा मिटतो. पडद्यावर हरलेल्याच्या जागी दुसऱ्या क्षणाला नवे टोपणनाव येऊन बसते.

आता वाट्याचा हिशेब. समजा, दोन सारख्याच ताकदीचे खेळाडू प्रत्येकी 100 रुपये लावतात. अॅप त्यातले दहा टक्के ठेवून घेते आणि जिंकणाऱ्याला 180 देते. दहा डावांत दोघे पाच-पाच जिंकले. प्रत्येकाने पाच वेळा 80 मिळवले, म्हणजे 400. पाच वेळा 100 घालवले, म्हणजे 500. कोणीच कोणाला हरवले नाही, तरी दोघांचे मिळून 200 रुपये गेले. या अटीवर नुसते पाण्यावर तरंगत राहायचे तरी शंभरातले 56 डाव जिंकावे लागतात. म्हणजे सरासरीहून बऱ्यापैकी सरस असलेला खेळाडूही तोट्यात. ऑक्टोबर 2023 पासून खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाल्यावर हे गणित आणखी बिघडले. बसमधल्या डावात असा तिसरा हात नसतो. फिलिपिन्सच्या जागरणात असतो, पण तो वाटा ज्याच्या घरी माणूस गेला त्याला मिळतो.

‘कौशल्याचा खेळ’ हे बिरुद मनावर काय करते?

इथे एक उलटी गोष्ट घडते. लॉटरीत हरणारा नशिबाला दोष देऊन मोकळा होतो. रमीत हरणाऱ्याला तसे वाटत नाही. जिंकला की ‘डोके चालवले’, हरला की ‘पानेच वाईट आली’. थोडेसे खरे कौशल्य अंगी असले की माणूस ते दामदुप्पट धरून चालतो.

एलेन लँगर यांचा 1975 मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना लॉटरीचे एक डॉलरचे तिकीट हातात दिले गेले, काहींना स्वतः निवडू दिले. नंतर ते विकत मागितल्यावर, दिलेले तिकीट असलेल्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आसपास किंमत सांगितली. स्वतः निवडलेल्यांनी आठ डॉलरहून जास्त. निवड केल्याने जिंकण्याची शक्यता तिळभरही वाढलेली नव्हती. निव्वळ निवडल्याची भावना होती. रमीत तर प्रत्येक पानाला निवड असते आणि तिचा थोडा परिणामही होतो. म्हणून या खेळातला भ्रम लॉटरीपेक्षा चिवट.

सिनेमातील आणि मैदानावरील परिचित चेहरे जाहिरातींतून ‘कौशल्य दाखवा’ म्हणत होते, तेव्हा ते कायद्यासाठी एक ढाल उभी करत होतेच, शिवाय खेळणाऱ्याच्या मनातली हीच जागा कुरवाळत होते. जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधिमंडळ सभागृहातील मोबाइलवर रमी दिसणारी चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. त्याच महिनाअखेरीस त्यांचे खाते बदलले आणि त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. राजकारण बाजूला ठेवले तरी त्या खुलाशातली एक गोष्ट कोणालाही अशक्य वाटली नाही : रमीची जाहिरात न मागता कोणाच्याही, कुठल्याही पडद्यावर येऊ शकते.

नव्या कायद्याने नेमके काय केले?

20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ऑनलाइन गेमिंगचे विधेयक मंजूर केले. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. या कायद्याने अर्धशतकाचा वाद एका फटक्यात निकालात काढला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, ऑनलाइन पैसे लावून असेल तर तो चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि 50 लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. 45 कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि 20 हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले, असा सरकारचा अंदाज होता. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव लगोलग थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये स्वतःकडे घेतल्या.

योगायोग असा की त्याच ऑगस्टमध्ये फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेने मोबाइल पाकिटांना आपल्या अॅपमधून ऑनलाइन जुगाराकडे नेणारे दुवे 48 तासांत काढायला सांगितले. तिथे परवानाधारक ऑनलाइन जुगार चालू ठेवून पैशाची वाट अडवली गेली, इथे खेळच अडवला गेला.

बंदीची जागा बरोबर आहे, कारण मात्र नीट सांगितले गेले नाही. कौशल्याचा मुद्दा कायद्याने खोडला नाही, बाजूला सारला. त्यामुळे रमी म्हणजे जुगार, एवढाच संदेश गल्लीपर्यंत पोहोचला आणि पारावरच्या चार पेन्शनरांनाही आता चोरट्यासारखे वाटते. वास्तविक दोष रमीचा नव्हता. डावातून दर फेरीला वाटा काढणारा, कधीच न हरणारा आणि डाव कधीच न मोडणारा जो तिसरा हात होता, त्याच्यावर हा कायदा आहे. 1967 च्या निकालातले ते दुर्लक्षित वाक्य पुढे ओढले असते, तरी याच ठिकाणी पोहोचता आले असते, आणि रमीचा मानही राहिला असता.

दुसरी उणीव अधिक जाचक. खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे चांगलेच, पण त्याची बुडालेली रक्कम आणि तिच्यासाठी झटपट कर्जाच्या अॅपवरून उचललेले पैसे तसेच आहेत. हप्ता पगारातून जातोच. कंत्राटी कामगाराला कंपनीत हे सांगता येत नाही. सांगितले तर उद्या गेटपास राहील का, ही भीती. उघडे दुकान बंद झाल्यावर परदेशातून चालणारी, कुठल्या तरी ग्रुपवर दुवा पाठवणारी दुकाने त्याला शोधत येतात, आणि तिथे फसला तर तक्रार कुठे करायची हेही धूसर.

चिखलीत आता काय चालू आहे?

टाळगाव चिखली म्हणून वारकऱ्यांना ठाऊक असलेले हे गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. मोरेवस्ती, साने चौक, कुदळवाडी, घरकुल असे चहूबाजूंनी वाढत गेले आणि चाकण-तळवड्याच्या कारखान्यांची झोपण्याची जागा बनले. तीन पाळ्यांमध्ये वाटलेल्या अशा वस्तीत विरंगुळ्याला ठरावीक वेळ नसते. पहाटे तीनला जागा असलेल्या माणसाबरोबर त्या वेळी पत्ते खेळायला कोण येणार? मोबाइल येतो. पडद्यावरची रमी इथे पसरली ती केवळ लोभाने नव्हे, या एकटेपणानेही.

बसमधल्या डावाला ही सोय नाही. त्याला पाच माणसे जागी लागतात आणि वाहतूक कोंडी लागते. कागदाच्या तुकड्यावर गुण लिहिले जातात, शनिवारी वडापावच्या गाडीवर ते फिटतात. नवा आलेला पोरगा पहिले चार दिवस प्रत्येक हात शेवटपर्यंत खेळतो आणि फुल ऐंशी देत राहतो. पाचव्या दिवशी पलीकडचा जुना ऑपरेटर त्याच्या पानांत डोकावतो आणि म्हणतो, ‘‘ठेव खाली. वीसच जातील.’’ पोरगा थोडा घुटमळतो, पाने पालथी ठेवतो. तोवर चाकणचा चौक येतो, कोणी शो करायच्या आत डाव मोडतो आणि कॅट परत पिशवीत जातो.